काळा आजार : नाव, लक्षणे आणि निदान

रोगाचे प्रचलित नाव आणि त्याची शास्त्रीय व्याख्या या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाव रोगाचा एखादा ठळक विशेष टिपते. व्याख्या तो ओळखण्याच्या अटी सांगते. हा भेद प्रस्तुत घटकात आपण ‘काळा आजार’ या उदाहरणावरून पाहू.

‘आजार’ हा मूळचा फारसी शब्द मराठीत पूर्ण रुळलेला असल्याने या नावाचा अर्थ आपल्याला सहज कळतो. काही रुग्णांची त्वचा काळवंडते, त्यावरून हे नाव पडले. मात्र ही खूण प्रत्येक रुग्णात आढळत नाही. नावावर विसंबून रोग ओळखू गेल्यास फसगत होते.

शास्त्रीय परिभाषेत या रोगास ‘आंतरांगी लिशमनियासिस’ म्हणतात. १९०३ मध्ये विल्यम लिशमन व चार्ल्स डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे त्याच्या परजीवीचे वर्णन केले. ‘लिशमानिया डोनोव्हानी’ या संज्ञेत दोघांचीही नावे आहेत. वालुमाशीच्या मादीच्या चाव्यातून हा परजीवी शरीरात शिरतो आणि प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा येथे वाढतो.

निदानाच्या तीन पायऱ्या लक्षात घ्याव्यात. पहिली, रुग्ण जे सांगतो ते : दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप, मंदावलेली भूक, घटते वजन, अशक्तपणा. दुसरी, डॉक्टरांच्या हाताला जे लागते ते : डाव्या बरगड्यांखाली वाढलेली प्लीहा, म्हणजे बोलीतील पानथरी, पुष्कळदा यकृतही. तिसरी, प्रयोगशाळेतील पुरावा. रक्तातील तांबड्या व पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या असतात. ‘आरके-३९’ ही पट्टीचाचणी काही मिनिटांत प्रतिपिंडे दाखवते. परंतु रोग बरा झाल्यावरही ती दीर्घकाळ होकारात्मक राहू शकते, म्हणून पूर्वी हा रोग झाला होता काय, हे विचारावेच लागते. निर्णायक पुरावा म्हणजे अस्थिमज्जेच्या किंवा प्लीहेच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा परजीवी.

हिवताप, विषमज्वर, क्षय यांतही ताप लांबतो. मग या रोगाची शंका केव्हा घ्यावी? वसई-विरार हे काही या रोगाचे क्षेत्र नव्हे. भारतात तो प्रामुख्याने बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेशातील काही जिल्ह्यांत आढळत आला आहे. परंतु वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत आणि नालासोपाऱ्याच्या चाळींत त्या राज्यांतून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. चावा आणि ताप यांत बहुधा काही महिने जातात. त्यामुळे पत्ता नालासोपाऱ्याचा आणि रोग गावाकडचा, असे घडू शकते. म्हणूनच ‘कुठे राहता?’ एवढ्यावर न थांबता ‘गाव कोणते? तिकडे शेवटचे केव्हा गेला होतात?’ हेही विचारणे निदानाचाच भाग ठरते. उपचाराविना हा रोग बहुधा प्राणघातक ठरतो. वेळीच ओळखल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : प्रचलित नाव आणि शास्त्रीय व्याख्या यांतील भेद ‘काळा आजार’च्या आधारे स्पष्ट करा.