पाठीमागचा वारा आणि एकटा नाविक

मुंबईत सागवानी लाकडाची बांधलेली ‘सुहैली’ ही शिडाची नौका अवघी ३२ फूट लांबीची. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तिच्यातून इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटेच निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी परतले. असा प्रवास करणारे ते पहिले नाविक होत. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये मुंबई ते मुंबई अशी विनाथांबा प्रदक्षिणा एकट्याने पूर्ण केली. दोघांनाही दक्षिण महासागरात हजारो मैल पश्चिमी वारे पाठीशी घेऊन जावे लागले.

पाठीमागचा वारा अनुकूल खरा; परंतु एकट्या नाविकाला तोच अधिक फसवितो. वारा ताशी २० सागरी मैल वेगाचा असून नौका ६ मैल वेगाने त्याच्याच दिशेने जात असेल, तर नौकेवर तो १४ मैलांचाच भासतो. हीच नौका त्याच वेगाने वाऱ्यासमोर गेली, तर वारा २६ मैलांचा होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो जवळजवळ साडेतीन पट होतो. म्हणून वारा सौम्य भासत असतानाच शिडाचे क्षेत्र कमी करणे हिताचे ठरते.

दुसरा धोका शिडाच्या आडव्या वाशाचा. नौकेची दिशा किंचित ढळली, तरी वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूस शिरतो आणि वासा वेगाने पलीकडे फिरतो. त्याच्या तडाख्याने नाविक जबर जखमी होतो किंवा समुद्रात फेकला जातो. यासाठी वासा दोराने पुढच्या बाजूस ताणून बांधतात.

मंद वाऱ्यात फुग्यासारखे मोठे शीड उपयोगी पडते; मात्र ते आवरणे एकट्याला कठीण जाते. त्यावर वरून खाली ओढता येणारी लांब कापडी खोळ बसवितात. शीड उतरविताना सुकाणू स्वयंचलित यंत्रणेकडे सोपवून, नौका अशी वळवितात की ते मुख्य शिडाच्या आडोशाला येऊन सैल पडावे. मग खोळ ओढून ते मिटवितात. दीर्घ प्रवासात मुख्य शीड उतरवून, पुढील दोन शिडे काठ्यांच्या आधाराने दोन्ही बाजूंस पसरण्याची रीत अधिक सुरक्षित होय. तीत वासा फिरण्याचे भय राहत नाही.

एकटा नाविक पाण्यात पडला, तर नौका त्याला सोडून पुढे निघून जाते. तिला परत फिरविणारे कोणी नसते. म्हणूनच तो सुरक्षा-दोर नौकेला अडकवूनच शिडाकडे जातो आणि शीड उभारण्यापूर्वी ते उतरविण्याचा क्रम निश्चित करतो.