सीडी गेली, आता गाणे कशावर?

१९८२ साली सोनी आणि फिलिप्सची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तेव्हा तबकडीची खरखर कायमची संपली असेच रसिकांना वाटले. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची नोंद! १९९९ मध्ये त्याहून सरस सुपर ऑडिओ सीडी आली. तिला फारसे कोणी विचारलेच नाही. कौल मिळाला तो एमपी-३ला. कानाला सहसा न जाणवणारे ध्वनी गाळून गाणे दहापट लहान करण्याची ही युक्ती. सोय झाली खरी, पण अति गाळले की झांजांचा नाद बोथट होतो. आता सीडीच्या तोडीचा आवाज इंटरनेटवरूनही मिळतो. मात्र वर्गणी थांबली की गाणे थांबते! घरातल्या जुन्या सीडी संगणकावर उतरवायच्या असतील, तर ‘फ्लॅक’ निवडावे. त्यात जागा कमी लागते आणि गाळले काहीच जात नाही.