‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का आला कुठून?

सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ नावाच्या वस्त्या आहेत. काही जमाती मुळातच चोर, त्या सुधारणे शक्यच नव्हते, म्हणून इंग्रजांनी त्यांना तिथे आणून ठेवले, असे अनेकांना वाटते.

वस्तुस्थिती अशी की हा शिक्का वर्तनावरून नव्हे, राजपत्रावरून बसला. 1871मध्ये उत्तर हिंदुस्थानासाठी गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि 1911च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. सरकारने जमातीचे नाव जाहीर केले की तिच्यातले तान्हे मूलसुद्धा गुन्हेगार जमातीतले ठरे. त्यासाठी खटला नको, साक्षीपुरावा नको. त्या घोषणेला न्यायालयात आव्हानही देता येत नसे. असा शिक्का बसलेल्यांपैकी कैकाडी टोपल्या विणत, बंजारे बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहत. रेल्वे आली तसा बंजाऱ्यांचा धंदा बसला, आणि फिरस्त्या माणसाकडे सरकार आधीपासूनच संशयाने पाहत होते.

या जमातींना जिथे ठेवत, ती सेटलमेंट म्हणजे सुधारगृह, हेही अर्धेच खरे. तिथे शाळा होती, काम मिळे. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. पण भोवती तारेचे कुंपण, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद तर कायद्यातच होती, आणि ती मला सर्वांत क्रूर वाटते. शिवाय सोलापूरच्या कापडगिरण्यांना कामगार हवे होते, ते इथून मिळाले. चांगल्या वर्तणुकीची कुटुंबे कुंपणाबाहेरच्या ‘फ्री’ वसाहतीत जात. म्हणजे ज्यांना जन्मजात गुन्हेगार म्हटले, तीच माणसे सुधारतात हे सरकारच्याच व्यवस्थेत गृहीत होते!

1952मध्ये सगळे संपले, असेही मानले जाते. त्या वर्षी 31 ऑगस्टला कायदा रद्द झाला, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. संशय मात्र सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून आणि तुरुंगाच्या नियमांतून टिकून राहिला. पोलीस ठाण्यात जमातीचे नाव ऐकून आजही नजर बदलते. विमुक्तांकडे जन्मतः सराईत म्हणून पाहणारे तुरुंग नियम सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024ला घटनाबाह्य ठरवले आणि या जमातींतील लोकांना मनमानी अटक होऊ नये, याची जबाबदारी पोलिसांवर टाकली.