जुना गायक परत येतो तेव्हां

आवडता गायक बँड सोडून गेला, म्हणजे त्याचे चाहते वर्षानुवर्षें एकाच आशेवर राहतात: केव्हां तरी तो परत येईल आणि जुनीं गाणीं पुन्हां त्याच कंठांतून ऐकावयास मिळतील. हेवी मेटल संगीताच्या रसिकांत ही आशा विशेष बळावलेली आढळते, आणि तिला कारणही आहे. या संगीतांत विजेच्या गिटारींचा जाड, खरखरीत नाद आणि ड्रमचा अखंड आघात यांची जणूं भिंतच उभी असते. ती ओलांडून जो आवाज आपल्यापर्यंत पोंचतो, तोच त्या बँडचा चेहरा होऊन बसतो. गिटार वाजविणारा बदललेला पुष्कळांच्या ध्यानांतही येत नाहीं. गायक बदलला, कीं पहिल्याच ओळीस कळतें.

ही आशा फळास कशी येते, हें जर्मनींतील हँबुर्ग शहरच्या हॅलोवीन या बँडच्या इतिहासावरून चांगलें समजतें. हा बँड १९८४ सालीं स्थापन झाला. प्रारंभीं काय हान्सेन हेच गिटार वाजवीत आणि गातही असत. पुढें मिखाएल किस्के गायक म्हणून आले, तेव्हां ते अवघे अठरा वर्षांचे होते. १९८७ व १९८८ सालीं निघालेल्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’च्या दोन भागांनीं त्यांचा उंच, स्वच्छ आवाज जगभर पोंचविला. परंतु लौकरच हान्सेन बाहेर पडले. १९९३ सालीं किस्के यांनाही जावें लागलें. त्यांच्या जागीं आंडी डेरिस आले, आणि जवळजवळ दोन तपें त्यांनींच बँडचा भार वाहिला.

मधल्या काळांत किस्के यांनीं मेटलकडे बहुतांशीं पाठच फिरविली होती. समेट एका दिवसांत झाला नाहीं. प्रथम हान्सेन आणि किस्के २०११ सालीं युनिसॉनिक या निराळ्या बँडमध्यें एकत्र आले. एकमेकांचा सहवास पुन्हां रुचतो, असें कळल्यावर जुन्या घराकडे वळणें सोपें झालें. नोव्हेंबर २०१६ मध्यें घोषणा झाली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्यें मेक्सिको देशांत सातही जण एका रंगमंचावर उभे राहिले.

‘सातही जण’ हाच या हकीकतीचा गाभा होय. किस्के परत आले, म्हणून डेरिस यांना कोणी काढलें नाहीं. दोघांनीं गाणीं वांटून घेतलीं, कांहीं एकत्र गायलीं. आरंभींचीं गाणीं हान्सेन यांच्याकडे राहिलीं. यांत सौजन्य आहे, तसा व्यवहारही आहे. विशींतला उंच सूर पन्नाशीच्या उंबरठ्यावर जवळजवळ तीन तास टिकविणें कठीण. ओझें वांटलें, म्हणजे कंठ शाबूत राहतो. पुढें २०२१ व २०२५ सालीं त्यांचे नवे अल्बमही निघाले. केवळ जुन्या आठवणींवर हें पुनर्मीलन जगलें नाहीं.

तरीही सारें परत आलें नाहीं. बँडचे पहिले ड्रमवादक इंगो श्विख्टेनबर्ग १९९५ सालींच, एकोणतीस वर्षांचे असतां वारले होते. समेटाला उशीर झाला, कीं कांहीं जागा कायमच्या रिकाम्या राहतात.

फिनलंडच्या नाइटविश या बँडचे कित्येक चाहते अशीच वाट पाहत आले आहेत. ऑक्टोबर २००५ मध्यें हेलसिंकी येथील कार्यक्रमानंतर सहकाऱ्यांनीं गायिका तार्या तुरुनेन यांना उघड पत्रानें निरोप दिला. जगासमक्ष तुटलेलें नातें सांधणें अधिकच अवघड असतें. तथापि त्या पत्रावर सही करणारे मार्को हिएताला, २०२१ सालीं स्वतः बँड सोडल्यावर, तार्या यांच्यासह पुन्हां रंगमंचावर गायले. बँड जुळला नाहीं. माणसें मात्र जुळलीं. शिवाय २०१२ सालीं आलेल्या फ्लोर यान्सेन यांनीं आपला स्वतंत्र श्रोतृवर्ग मिळविला आहे, हेंही विसरतां येत नाहीं.

म्हणून चाहत्यानें आशा अवश्य बाळगावी. परंतु ती बाळगतांना एवढें पाहावें, कीं ज्यानें मधल्या काळांत घर सांभाळलें, त्याला घराबाहेर घालवून जुन्या माणसाचें स्वागत करण्याची इच्छा आपल्या मनांत नाहीं ना!