ल्यूथरन मंडळीची श्रद्धा आणि तंजावरची शाळा

या स्मृतिव्याख्यानमालेसाठी हा विषय सुचवला गेला तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. बमरोली, पांडेसरा, उधना या परिसरात खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या आपल्या मराठी समाजाला ख्रिस्ती धर्म अगदीच अपरिचित नाही. नवापूर-नंदुरबारकडच्या मंडळींनी तिकडची चर्चे पाहिली आहेत, चिंचपाड्याच्या मिशन रुग्णालयात उपचारही घेतले आहेत. परंतु ‘ल्यूथरन’ म्हणजे नेमके कोण आणि त्यांचा मराठी माणसाशी काय संबंध, असे विचारले तर बहुतेक जण गप्प राहतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तंजावरच्या भोसल्यांच्या राजवाड्यात सापडते. पण तेथे जाण्यापूर्वी ल्यूथरन मंडळीची श्रद्धा काय, हे पाहावे लागेल. कारण राजवाड्यात जे घडले ते त्या श्रद्धेतूनच घडले.

जर्मनीतील विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथर नावाचा एक संन्यस्त धर्मगुरू विद्यापीठात शिकवीत असे. उपास, जागरणे, पापकबुली हे सारे व्रतस्थपणे करूनही आपण देवापुढे निर्दोष ठरलो असे त्याला कधी वाटले नाही. त्याच सुमारास पापाच्या शिक्षेतून सूट देणारी क्षमापत्रे पैसे घेऊन दिली जात होती. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने त्यांविरुद्ध पंचाण्णव विधाने मांडली आणि त्यातून युरोपातील धर्मसुधारणेला तोंड फुटले. त्याच्या अनुयायांनी आपली श्रद्धा २५ जून १५३० रोजी आउग्सबुर्ग येथे सम्राटापुढे अठ्ठावीस कलमांत वाचून दाखवली. जगभरच्या ल्यूथरन मंडळ्या आजही ते निवेदन प्रमाण मानतात.

त्यातील गाभ्याचे कलम चौथे. मनुष्य आपल्या पुण्याईने देवापुढे नीतिमान ठरत नाही. ख्रिस्ताकरिता, केवळ कृपेने, विश्वासाच्या द्वारे तो नीतिमान ठरवला जातो. आपल्याकडच्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा एक जुना वाद आहे. वानराचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरी मात्र आपल्या पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काहीच करावयाचे नसते. ल्यूथर या वादात असता तर तो निःसंशय मांजरीच्या बाजूने बोलला असता. उपमेला अर्थातच मर्यादा आहेत; ल्यूथरच्या कृपेला क्रुसावर मेलेल्या ख्रिस्ताचे एकच नाव आहे, आणि त्यावाचून तो एक पाऊलही पुढे जात नाही.

मग सत्कर्मे कशासाठी? हा आक्षेप ल्यूथरच्या हयातीतच घेतला गेला. त्याचे उत्तर असे की झाड चांगले असेल तर फळ चांगले येते, फळ लावून झाड चांगले होत नाही. देवाला आपल्या सत्कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. म्हणून मोची, दाई, शिक्षक, न्यायाधीश यांचा रोजचा व्यवसाय ही त्यांची उपासनाच होय, आणि मठातला साधू त्यांच्याहून पवित्र ठरत नाही. विश्वास ठेवणारे सर्वच जण याजक आहेत. पाळक हा वचन सांगण्यासाठी आणि संस्कार देण्यासाठी मंडळीने बोलावलेला सेवक आहे, निराळ्या जातीचा मनुष्य नव्हे. संस्कार मुख्यतः दोन : बाप्तिस्मा, जो तान्ह्या मुलालाही दिला जातो, आणि प्रभुभोजन. प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारस ही नुसती आठवण नसून त्यांत व त्यांसह ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, असे ल्यूथरन मानतात. इतर काही प्रॉटेस्टंटांशी त्यांचा मुख्य मतभेद येथेच आहे.

विश्वास वचन ऐकून उत्पन्न होतो, तर ते वचन ऐकणाऱ्याच्या भाषेत हवे, आणि शक्य तर त्याला स्वतःला वाचता यायला हवे. ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार व १५३४ पर्यंत संपूर्ण बायबल जर्मन भाषेत आणले, १५२९ मध्ये घराघरांत शिकवण्यासाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, आणि १५२४ मध्येच नगरपालांना पत्र लिहून मुलांबरोबर मुलींसाठीही शाळा काढा असे बजावले. शाळा ही या पंथाला पुढे जोडलेली गोष्ट नाही. ती त्याच्या सिद्धांतातूनच आलेली आहे. याच ल्यूथरने १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांविरुद्ध आणि १५४३ मध्ये ज्यू लोकांविरुद्ध अत्यंत कठोर, निंद्य असे लिखाण केले, हेही येथे नोंदवले पाहिजे. ज्यूंविषयीचे लिखाण ल्यूथरन मंडळ्यांनी पुढे स्पष्टपणे नाकारले.

भारतात ही परंपरा ९ जुलै १७०६ रोजी तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर उतरली. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले त्सीगनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोघे जर्मन तरुण जर्मनीतील हाले येथील परंपरेतले होते. तेथे फ्रांके या ल्यूथरन पाळकाने १६९५ मध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. त्सीगनबाल्ग वाळूत अक्षरे गिरवणाऱ्या मुलांबरोबर बसून तमिळ शिकला. त्याने १७०७ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. तेथील डॅनिश अधिकाऱ्याशी खटका उडाल्याने चार महिने तो कैदेत होता. पुढे त्याचा तमिळ नवा करार मिशनच्याच छापखान्यात छापला गेला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १७१९ मध्ये, तो वारला. १७३३ मध्ये आरोन या तमिळ गृहस्थास पाळकपदाची दीक्षा मिळाली.

याच मिशनमध्ये १७५० साली क्रिस्टियन फ्रीडरिख श्वार्ट्झ आला आणि पुढे तंजावरला स्थायिक झाला. तंजावरचे राजे मराठे, दरबारची भाषा मराठी. राजाशी दुभाष्यावाचून बोलता यावे म्हणून तमिळ, फारसी जाणणाऱ्या या जर्मन पाळकाने मराठीही शिकून घेतली. त्याच्या शब्दावर लोकांचा इतका भरवसा होता की १७७९ मध्ये हैदरअलीकडे बोलणी करण्यासाठी मद्रास सरकारने त्यालाच श्रीरंगपट्टणला पाठवले. इ.स. १७८५ च्या सुमारास त्याने इंग्रज रेसिडेंट सलिव्हन याच्या साहाय्याने तंजावर, रामनाड व शिवगंगा येथे शाळा उभारल्या.

तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि त्याचा हात श्वार्ट्झच्या हाती देऊ केला. श्वार्ट्झने एकट्याने पालकत्व घेण्याचे नाकारले. राजाचे बंधू अमरसिंग यांनीच मुलाला सांभाळावे, असे त्याने सुचवले. हा सल्ला मुलाला महागात पडला. अमरसिंग स्वतः गादीवर बसले, सरफोजी कोंडल्यासारखा राहू लागला, त्याचे शिक्षण थांबले. तेव्हा श्वार्ट्झनेच कंपनी सरकारकडे दाद मागितली, आणि १७९३ मध्ये मुलाला मद्रासला नेण्यात आले, तेथे गेरिके या दुसऱ्या ल्यूथरन पाळकाने त्याला शिकवले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी जूनअखेर सरफोजी गादीवर बसले.

सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत. ते अखेरपर्यंत शिवभक्त राहिले. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता हे लपवण्यात अर्थ नाही, आणि त्या मोजपट्टीने श्वार्ट्झचा हा सर्वांत नामांकित शिष्य त्याच्या हाती लागला नाही. परंतु याच राजाने सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, ओरत्तनाडूच्या छत्रात शिक्षणाची सोय केली, आणि त्याच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बाळबोध मुक्तावली’ बाहेर पडला. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळाचा विचार करताना आपण सेरामपूर आणि मुंबईकडे पाहतो. तंजावर बहुधा विसरतो.

श्वार्ट्झचा दुसरा शिष्य वेदनायगम शास्त्री. हा ल्यूथरन तमिळ कवी सरफोजींचा आश्रित दरबारकवी होता. त्याच्या बाबतीत मात्र श्रद्धेची खरी कसोटी लागते. देवापुढे सारे समान पापी आणि समान कृपापात्र, असे शिकवणाऱ्या मंडळीत वेल्लाळ एका बाजूला व दलित दुसऱ्या बाजूला बसत. जुन्या मिशनऱ्यांनी जातीला सामाजिक चाल समजून ती खपवून घेतली होती. नव्या इंग्रज मिशनऱ्यांनी ती मोडू पाहिली तेव्हा वेदनायगम शास्त्रींनी १८२९ मध्ये जातीचार राखण्याच्या बाजूने लेखणी उचलली. १८३३ मध्ये बिशप विल्सन यांनी मंडळीतील जातिभेद बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा कित्येक कुटुंबे मंडळी सोडून गेली. पुढे लाइपझिगहून आलेल्या ल्यूथरन मिशनने जातीविषयी सौम्य धोरण धरले आणि त्यांपैकी अनेकांना आपल्यात घेतले. सिद्धांत कागदावर निर्मळ असला तरी मंडळीला तो बाकावर बसून शिकावा लागतो, आणि तो धडा अद्याप सर्वत्र पुरा झालेला नाही.

भारतातील ल्यूथरन मंडळ्या आज प्रामुख्याने तमिळनाडू, आंध्र, ओडिशा, झारखंड, मध्य प्रदेश येथे आहेत. गुंटूरचे मिशन १८४२ चे, रांचीचे गोस्नर मिशन १८४५ चे. तमिळ आणि गोस्नर या दोन्ही मंडळ्या १९१९ मध्ये स्वायत्त झाल्या. आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला छिंदवाड्याकडे स्वीडिश मिशनमधून उभी राहिलेली मंडळी आहे. यांतील अनेक प्रांतांतून माणसे सुरतेच्या मागांवर कामाला येतात. बमरोलीच्या एखाद्या चाळीत शेजारचे बिऱ्हाड ल्यूथरन असणे अशक्य नाही. क्षमापत्रांवरून जिथे वाद पेटला त्या प्रश्नावर, म्हणजे मनुष्य नीतिमान कसा ठरतो यावर, ल्यूथरन व रोमन कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त निवेदनावर सह्या केल्या.

तंजावरला शिवगंगा बागेजवळ श्वार्ट्झचे चर्च उभे आहे. ते आता दक्षिण भारत मंडळीकडे आहे, ल्यूथरन म्हणून ओळखले जात नाही. आत सरफोजींनी इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प आहे : अंथरुणावर वृद्ध पाळक, त्याचा हात हाती धरून उभा असलेला मराठा राजपुत्र, आणि बिछान्यापाशी शाळेची मुले. तेथून हाकेच्या अंतरावर बृहदीश्वराचे मंदिर आहे, आणि त्याच्या भिंतीवर याच राजाने १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख.