नितळ ओढ्यातला बास

लहानपणी रत्नागिरीकडच्या खाडीत मी गरवायला बसायचो. गरीला कोळंबीचा तुकडा लावला की झालं. गढूळ पाण्यात मासा वासावर यायचा, काठावरचा माणूस त्याला दिसतच नसे. टेक्ससच्या हिल कंट्रीत हे चालत नाही. इथे लॅनो, ब्लँको या नद्या आणि त्यांना मिळणारे ओढे चुनखडीवरून वाहतात. गुडघाभर पाण्यात तळचा खडा न् खडा दिसतो आणि माशाला आपण दिसतो.

इथला खास मासा ग्वाडालूप बास. फूटभर झाला तरी मोठा म्हणायचा. जगात तो मूळचा फक्त टेक्ससचा, १९८९ पासून राज्याचा अधिकृत मासा.

मी तो फ्लाय फिशिंगने धरतो. गळावर पिसं नि केस दोऱ्याने बांधून केलेली फ्लाय इतकी हलकी असते, की ती नुसती फेकली तर हातभरही जात नाही. म्हणून वजन असतं ते दोरीला. लेप दिलेली ही जाड दोरी काठीने मागे-पुढे झुलवली की उलगडत जाते आणि फ्लायला ओढून नेते. दोघींच्या मध्ये नऊ ते बारा फूट बारीक, पारदर्शक तंगूस हवा, म्हणजे जाड दोरी माशापासून लांब पडते.

तरी फेकण्यापेक्षा चालणं महत्त्वाचं. बास बहुधा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून ओढ्याच्या खालच्या अंगाने वर चढत जावं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल झरोक्यातून दिसतं. पाण्यालगतच्या वस्तू त्या झरोक्याच्या कडेला चेपून, अंधुक दिसतात. वाकून किंवा गुडघ्यांवर सरकत गेलात, तर तुम्ही त्या कडेत लपता. ताठ उभे राहिलात, की मासा पसार. सावली पाण्यावर पडू देऊ नका, पायाखालचे दगडही वाजवू नका. माशाच्या अंगावरची पार्श्वरेखा पाण्यातली थरथर टिपते.

फ्लाय माशाच्या डोक्यावर न टाकता दोन-तीन फूट पुढे टाकावी. पेन्सिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात स्मॉलमाउथ बाससाठी बांधलेली क्लाउझर मिनो ही फ्लाय इथेही चालते. मात्र उथळ पाण्यात तिचे धातूचे डोळे हलक्यात हलके घ्या, नाहीतर ती धपकन पडते.

१९७० च्या दशकात या नद्यांत बाहेरचा स्मॉलमाउथ बास सोडला गेला. त्याच्याशी संकर होऊन अस्सल ग्वाडालूप बास अनेक ठिकाणी घटला. पुढे शुद्ध जातीची पिल्लं सोडल्यावर साउथ लॅनो नदीत तो सावरला. म्हणून गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका, ओल्या हातांनी मासा धरा आणि लगेच सोडा. परवाना घ्या, १७ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. आणि वरच्या अंगाला पाऊस असेल, तर ओढ्यात उतरूच नका. इथला पूर पळायला वेळ देत नाही.