‘फॉरमॅट मारणं’ कुणाचं सोपं?

लिनक्स टाकायचं म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड बडवत बसायचं, आणि विंडोज म्हणजे नुसतं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ हा समज अजून पक्का आहे. विंडोज वापरणाऱ्या बहुतेकांनी ते स्वतः कधी टाकलेलंच नसतं. ते लॅपटॉपसोबत येतं आणि बिघडलं की दुकानदार ‘फॉरमॅट मारून’ देतो. तुलना होते ती आयत्या विंडोजची आणि स्वतःच्या हातानं टाकलेल्या लिनक्सची.

कोऱ्या डिस्कवर दोन्ही टाकून पाहिली, की हा समज डळमळतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोजचा इन्स्टॉलर डिस्कच्या यादीपाशी येतो आणि यादी रिकामी! स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा उतरवून, पेनड्राइव्हवर घालून ‘लोड ड्रायव्हर’ म्हणावं लागतं. एक्सपीच्या काळी यासाठीच सुरुवातीला एफ6 दाबून फ्लॉपी घालावी लागे. फ्लॉपी गेली, दुखणं राहिलं. त्यात विंडोज 11 होमला सेटअपमध्येच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही तर ड्रायव्हर उतरवणार कसा? वेड गेल्याशिवाय लग्न होईना, लग्न झाल्याशिवाय वेड जाईना.

उबुंटू या लिनक्सचं तसं नाही. 2006 च्या 6.06 आवृत्तीपासून एकाच सीडीवरून आधी चालवून बघायचं आणि पटलं तर तिथूनच टाकायचं, अशी सोय आहे. सीडीची जागा आता पेनड्राइव्हनं घेतली. वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का, हे डिस्कला हात न लावता कळतं.

पण म्हणून लिनक्स सरसकट सोपं ठरत नाही. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये 2023 च्या बाराव्या आवृत्तीआधी मुक्त परवान्यात न बसणारं फर्मवेअर नसे, त्यामुळे कित्येक लॅपटॉपवर वायफाय मुकं राही. आर्चमध्ये तर पार्टिशनपासून सगळं हातानं करण्याची रीत. 2021 मध्ये ‘आर्चइन्स्टॉल’ हा इन्स्टॉलर सोबत मिळू लागल्यावर तो व्याप बराच हलका झाला.

मॅक सगळ्यांत सोपं, हे खरंच. पण अ‍ॅपलच्या परवान्यानुसार ते फक्त अ‍ॅपलच्याच यंत्रावर टाकता येतं. ठरलेल्या मोजक्या मॉडेलांपुरतीच जबाबदारी असेल, तर ते सोपं असायलाच हवं.

उरला सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज: ‘डेटा डी ड्राइव्हला आहे, काही होत नाही.’ विंडोज पुन्हा टाकताना फक्त सी पुसला, तर हे खरं. उबुंटूचा ‘इरेज डिस्क’ पर्याय मात्र त्या अख्ख्या डिस्कवरची सगळी पार्टिशन्स उडवतो, डी त्याच डिस्कवर असेल तर तोही. विंडोज ठेवायचं असेल तर शेजारी टाकण्याचा पर्याय निवडायचा. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा आणि विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवायची.